न आलेल्या माणसाची नोंद

आईच्या कपाटात एक कापडी पिशवी असायची. तिच्यात दोन फायली. निळी मानसोपचारांची, पिवळी व्यसनमुक्तीची. दोन्हींवर नाव एकच, माझ्या थोरल्या भावाचं. निळ्या फायलीत सगळं बायपोलरबद्दल, म्हणजे मनाच्या तेजी-मंदीच्या आजाराबद्दल होतं: झोप किती, बोलण्याचा वेग कसा, त्यावरच्या लिथियम या औषधाची रक्तात पातळी किती. दारूबद्दल एका कोपऱ्यात 'घेतो' एवढंच. पिवळ्या फायलीत दारूचा सगळा इतिहास तारीखवार, आणि मनाच्या आजारासमोर नुसती एक खूण. दादा मात्र एकच होता. झोप लागावी म्हणून तो प्यायचा, प्यायला की गोळ्या चुकायच्या, गोळ्या चुकल्या की झोप उडायची. हे कुठून सुरू होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण फायली दोन, म्हणून इमारती दोन, वार दोन, आणि प्रश्न विचारणारी माणसंही वेगवेगळी.

निळ्या फायलीचे डॉक्टर म्हणायचे, "आधी दारू बंद करून आणा. दारू चालू असताना गोळ्या काय काम करणार?" पिवळ्या फायलीवाले म्हणायचे, "आधी मन थाऱ्यावर येऊ द्या. या अवस्थेत तो गटात बसू शकणार नाही." दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते. त्या दोन खऱ्या वाक्यांच्या मध्ये आमची तीन वर्षं गेली.

पुढे एकदा मी दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. दोन्हींच्या शेवटच्या पानावर जवळजवळ सारखाच शेरा होता. 'फॉलोअपला आला नाही.' त्याखाली कोरं पान. दादा आला नाही त्या दिवशी त्याचा नंबर पुकारला गेला असेल, कुणी उठलं नाही म्हणून पुढचा पुकारला असेल. बाहेर रांग मोठी असते, हे मी पाहिलं आहे. तिथल्या माणसांना दोष देऊन काही हाती लागत नाही, इतकं तेव्हाही कळत होतं. तरी ते कोरं पान मनातून जाईना. ज्या दिवशी तो आला नाही, तोच दिवस त्याला सगळ्यात वाईट गेला होता. आजार वाढला म्हणून तो आला नव्हता, आणि आला नाही म्हणून उपचार थांबले होते.

त्या तीन वर्षांतली एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. 'बंद करून आणा' हे वाक्य दादानं एकदा फारच मनावर घेतलं. एका सकाळी म्हणाला, आजपासून थेंब नाही. आम्हाला केवढा आनंद झाला! संध्याकाळपर्यंत त्याचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम सुटला. दुसऱ्या रात्री फिटचा झटका आला. आम्ही डॉक्टरांना फोन लावत राहिलो, लागला नाही. तिसऱ्या दिवशी तो पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होता. अगदी हळुवार, सुईत दोरा ओवताना धरतात तसं चिमटीत धरून. मी विचारलं, काय करतोयस? म्हणाला, "धागे सुटलेत सगळे. धर, गुंडाळून ठेव." मी तळहात पुढे केला. तो एकेक नसलेला धागा माझ्या हातावर ठेवत गेला आणि मी मूठ मिटून बसले. मग आम्ही त्याला उचलून इमर्जन्सीत नेलं.

नंतर समजलं ते असं. वर्षानुवर्षं दारू मेंदूला गुंगीत ठेवत असते, म्हणून मेंदू स्वतःला जास्तीचं जागं ठेवायला शिकतो. दारू एकदम काढून घेतली की तो साठलेला जागेपणा उसळून येतो. झटके बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येतात. भ्रम, भास, अंगात ताप हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. त्यात जीवही जातो. यावर चांगली औषधं आहेत, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि वेळेवर दिली तर बहुतेक माणसं यातून सुखरूप बाहेर येतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी, कुणाला न सांगता दारू एकदम थांबवायची नसते. एवढं एक वाक्य आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. निळ्या फायलीला वाटलं पिवळीनं सांगितलं असेल, पिवळीला वाटलं निळीनं. हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेत धोका आणखी वेगळ्या जागी असतो: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते, आणि घसरलेला माणूस पूर्वीइतकाच डोस घेतो तेव्हा तो त्याला मारू शकतो. म्हणजे वॉर्डातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात जोखमीचे. मानसिक आजारात आत्महत्येचा धोकाही डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्यांतच सर्वात जास्त असतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत माणूस कुणाच्याच यादीत नसतो. वॉर्डाच्या यादीतून नाव कमी झालेलं असतं, ओपीडीची तारीख अजून लांब असते.

इमर्जन्सीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला घरी जाऊन काम करणाऱ्या एका टीमचं नाव दिलं. तिच्यात मानसोपचारतज्ज्ञ होते, नर्स होती, व्यसनाचं काम जाणणारा समुपदेशक होता, सोशल वर्कर ताई होत्या, आणि एक गृहस्थ असे होते जे स्वतः भास आणि दारू या दोन्हींतून गेलेले होते. पेशंट थोडे, आणि ते सगळे सगळ्यांचे. फाईल एक.

पहिल्यांदा ताई आल्या तेव्हा दादानं दार उघडलं नाही. त्यांनी दोनदा बेल वाजवली, दाराखालून चिठ्ठी सरकवली. 'मी येऊन गेले. गुरुवारी परत येते.' गुरुवारी आल्या, दार बंदच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा दादानं दार उघडलं ते 'येऊ नका' हे सांगायला. ताई म्हणाल्या, "बरं. पण तुमच्या बेलचं बटण सैल झालंय, शॉक बसेल कुणाला तरी." दादा क्षणभर बघत राहिला. मग आत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. मेन स्विच बंद केला. अंधारात ताईंनी मोबाईलचा टॉर्च धरला आणि दादानं ते बटण उघडून दोन्ही तारा साफ करून परत बसवलं. त्याचे हात थरथरत होते, दोनदा स्क्रू खाली पडला. ताईंनी दोन्ही वेळा तो शोधून दिला, स्वतः बसवायला गेल्या नाहीत. तेवढंच. जाताना म्हणाल्या, सोमवारी येऊ का? दादा म्हणाला, बघा.

पुढचे तीन आठवडे त्या दारूबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. मी मनातून चिडले होते. इतका आजारी माणूस आणि ह्या बेलचं बटण बघताहेत! हळूहळू लक्षात आलं की यामागे विचार होता आणि तो बराच जुना होता. मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही असलेल्या माणसांसाठी ऑशर आणि कोफोड या दोघांनी १९८९ साली उपचारांचे टप्पे मांडले होते. आधी नातं जुळणं, मग मन वळणं, मग प्रत्यक्ष उपचार, मग पुन्हा घसरू नये म्हणून जपणं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही आजारांवर एकाच टीमनं, एकाच वेळी उपचार करायची पद्धत याच धाग्यावर उभी केली. आमच्याकडे पूर्वी प्रत्येकानं सुरुवातच तिसऱ्या टप्प्यापासून केली होती. दादाचा विश्वास बसायच्या आधी त्याच्याकडून शपथ घेतली जायची. मीही घ्यायचे. आईच्या गळ्याची शपथ घ्यायला लावायचे, आणि ती मोडली की त्याला आजारापेक्षा शपथेचंच ओझं जास्त व्हायचं.

एक फाईल असण्यानं काय होतं ते सिगरेटवरून कळलं. दादा ॲडमिट असताना त्याला ओलान्झापिन या मनाच्या आजारावरच्या गोळीचा डोस अगदी नीट लागू पडायचा, घरी आल्यावर पंधरा दिवसांत बिघडायचा. सगळे म्हणायचे, गोळ्या टाकत असणार. आईसुद्धा त्याचे खिसे तपासायची. टीममधल्या नर्सनं विचारलं, वॉर्डात सिगरेट ओढायला देतात का? नाही देत. आणि घरी? दिवसाला पाकीट. तंबाखूच्या धुरानं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोमात येतं आणि हे औषध लवकर निचरून जातं. म्हणजे वॉर्डात ठरवलेला डोस घरी कमीच पडणार. तो गोळ्या घेत होता! इतके दिवस त्याला खोटारडा म्हटलं, याचं मला आजही वाईट वाटतं. लिथियमचं उलट: पिऊन उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं की त्याची पातळी वाढते आणि विषबाधा होऊ शकते. गोळी, सिगरेट, दारू, झोप, पाणी हे सगळं एकाच शरीरात चाललेलं असतं. ते वेगवेगळ्या कागदांवर असेल तर ते एकत्र वाचणार कोण?

आमच्या घरी ते काम आई करत होती. तिला लिथियमचा ल माहीत नव्हता, पण एका वहीत ती रोज लिहायची: किती झोपला, काय खाल्लं, कुणावर ओरडला, औषध समोर घेतलं की नाही. प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे ती वही उघडायची. बहुतेकांना वाचायला वेळ नसायचा. जगभर ज्याला समन्वय म्हणतात तो अशा लाखो घरांत कुणाची तरी आई, बायको किंवा बहीण एकटी, पगाराशिवाय, झोपेशिवाय करत असते, आणि ती आजारी पडली की व्यवस्थाच कोसळते. टीमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ती वही घरी नेऊन वाचली. परत देताना म्हणाले, "काकू, तुम्ही दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. याला तेजी येण्याआधी चार दिवस हा पहाटे तीनला उठून कपाटं आवरतो." आई काही बोलली नाही. वहीच्या मलपृष्ठावरून हात फिरवत बसली.

या टीमच्या कामाचं मूळ कुठे आहे ते मी शोधत गेले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन इथं मेंडोटा नावाचं सरकारी मनोरुग्णालय आहे. १९७०च्या सुमाराला तिथं अर्नोल्ड मार्क्स, लिओनार्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांच्या लक्षात आलं की पेशंट वॉर्डात सुधारतात, घरी जातात आणि परत येतात. वॉर्डात शिकलेलं वॉर्डातच राहतं. मग त्यांनी वॉर्डातला स्टाफच बाहेर नेला. माणूस जिथं राहतो तिथं जाऊन त्याच्या खोलीत, त्याच्या रस्त्यावर, त्याच्या कामावर मदत करायची. दिवसरात्र कुणीतरी उपलब्ध. अशा टीममध्ये साधारण दहा पेशंटांमागे एक कर्मचारी असतो. रोज टीम एकत्र बसते आणि एकेक नाव घेते. प्रत्येक नाव. काल कुणी पाहिलं याला? नाही? मग आज कोण जातंय?

हे वाचलं तेव्हा मी उठून पिशवी काढली आणि ते कोरं पान पुन्हा पाहिलं. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये आलेल्यांची नोंद होते. या टीमच्या सकाळच्या बैठकीत न आलेल्याची होते. फरक सगळा तिथं आहे, असं मला वाटतं. घरी जाणं, फोन करणं, औषध पोचवणं ही कामं त्यामागून येतात. कुणीतरी रोज नाव घेतं आणि उत्तर आलं नाही तर बेचैन होतं, ते आधी.

मॅडिसनच्या त्या प्रयोगात चौदा महिने ही सेवा दिली आणि मग थांबवली. चौदा महिने माणसं बरी राहिली, रुग्णालयात कमी गेली, कामाला लागली. सेवा थांबल्यावर मिळवलेलं बरंचसं निसटलं, पुन्हा भरती होणं सुरू झालं. १९८०मध्ये त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं. मला या प्रयोगातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मधुमेहाची गोळी चौदा महिन्यांनी बंद करून साखर का वाढली असं कुणी विचारत नाही. इथं मात्र सुधारणा दिसली की पहिली सूचना येते, आता यांना गरज नाही.

माणसांना रुग्णालयातून बाहेर काढणं आणि बाहेर त्यांच्यासाठी काही उभं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली फार सोपी असते. अमेरिकेत १९५५मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. ३१ ऑक्टोबर १९६३ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. त्यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि ती कायमची अधू झाली होती. या विषयाशी त्यांच्या घराचं नातं होतं. सहीनंतर तीन आठवड्यांनी त्यांची हत्या झाली. रुग्णालयं रिकामी होत गेली, पण ठरलेल्या दीड हजार केंद्रांपैकी निम्मीच उभी राहिली. न झालेल्या केंद्रांत जी जायची होती ती माणसं मग कुठे गेली असतील? रस्त्यावर, तुरुंगात, आणि आमच्यासारख्या घरांत, कापडी पिशव्यांच्या शेजारी. पुढे १९९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. 'दारू सोड, गोळ्या घे, मग घर देऊ' असं न म्हणता रस्त्यावरच्या आजारी माणसाला आधी घराची किल्ली द्यायची, बाकीचं दार उघडल्यावर. त्यातली बहुतेक माणसं त्या घरांत टिकून राहिली.

इटलीतल्या त्रिएस्तेची गोष्ट दादाला मी वाचून दाखवली. तिथल्या सान जोव्हान्नी मनोरुग्णालयाची सूत्रं १९७१मध्ये फ्रांको बासाल्या या मानसोपचारतज्ज्ञांच्या हाती आली. १९७३मध्ये पेशंट, डॉक्टर, कलाकार सगळ्यांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा केला, मार्को काव्हाल्लो. त्याला घेऊन गावात मिरवणूक काढायची ठरली, तर घोडा फाटकातून जाईना. शेवटी फाटक फोडून बाहेर काढला. १९७८मध्ये इटलीत कायदा क्रमांक १८० आला आणि नवी मनोरुग्णालयं बांधणं बंद झालं. त्रिएस्तेत त्याऐवजी वस्त्यावस्त्यांत चोवीस तास उघडी राहणारी केंद्रं झाली, प्रत्येकात मोजकेच पलंग. दादानं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "घोडा परत आला तेव्हा फाटक बसवलं होतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

बेल्जियममधलं गील हे गाव तर शतकानुशतकं मानसिक आजार असलेल्या परक्या माणसांना आपल्या घरांत राहायला घेतं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अशी साडेतीन हजारांहून जास्त माणसं त्या गावात होती. आता संख्या बरीच कमी झाली आहे. मला त्यातली एक गोष्ट आवडते: ज्या घरात माणूस राहतो त्या घरच्यांना त्याचं निदान माहीत असायलाच हवं असं तिथं मानत नाहीत. त्याला काय आवडतं, कशानं बिथरतो, एवढं पुरतं.

एक भीती मात्र सांगायला हवी. जे रोज नाव घेतात ते पाळतही ठेवू शकतात. घरी येणारी टीम आणि घरावर नजर ठेवणारी टीम यांच्यात अंतर फार नसतं, आणि ज्याला आधीच वाटतं की आपल्यामागे कुणीतरी आहे, त्याच्या दारात आठवड्यातून तीनदा अनोळखी माणसं उभी करणं ही साधी गोष्ट नाही. दादानं एकदा ताईंना तोंडावर सांगितलं, "तुम्ही माझी काळजी घेता की माझी ड्युटी करता?" त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. विचारलं, "कुठल्या गोष्टी तुम्हाला न विचारता केल्या, सांगाल?" त्यानं तीन सांगितल्या. त्या त्यांनी त्याच्यासमोर फाईलमध्ये लिहिल्या, त्याच्याच शब्दांत. त्यातली एक माझी होती: मी त्याच्या नकळत ताईंना फोन करायचे. तेव्हापासून फोन करायचा झाला तर मी त्याला सांगून करते. कधी तो चिडतो. तरी सांगते. बरं वाटत असताना त्यानं स्वतः एक कागदही लिहून ठेवला आहे: पुन्हा बिघडलो तर आधी कुणाला बोलवायचं, कुठलं औषध नको, आणि 'आईला रात्री माझ्याजवळ एकटं ठेवू नका.' त्याच्या हातचं ते अक्षर मी बराच वेळ पाहत राहिले होते.

दारू सुटली का, असं लोक विचारतात. टीम आल्यापासून दोनदा घसरला. पहिल्या वेळी अकरा दिवस, दुसऱ्या वेळी दोन. पूर्वी घसरला की तो महिनोन्महिने गायब असायचा, कारण घसरलेल्या माणसाला कुठे जायला तोंड नसायचं. दुसऱ्या वेळी त्यानं स्वतः फोन केला, पिऊनच. ते स्वतः यातून गेलेले काका तासाभरात आले आणि रात्रभर खुर्चीवर बसून राहिले. सकाळी नर्स आली. दारू हळूहळू, औषधांच्या आधारानं उतरवली गेली. यावेळी चादरीवरचे धागे सुटले नाहीत.

आता तो मंगळवारी गटाला जातो. गेल्या मंगळवारी तो लवकर परत आला. बूट न काढताच दारात उभा राहून फोन लावत होता. मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "तो खिडकीपाशी बसतो ना, निळ्या स्वेटरवाला, तो आज आला नाही. मागच्या वेळी बोलताना गप्प गप्प होता." पलीकडून ताईंनी फोन उचलला. दादानं त्याचं नाव सांगितलं, मग म्हणाला, "पत्ता तुमच्याकडे असेल. तुम्ही निघत असाल तर थांबा, मी पण येतो," आणि किल्ली शोधायला लागला.